मागचा शॉकअप तळाला आपटतोय? आधी टेप काढा, वेल्डिंगचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही. चालवणाऱ्याचं वजन ८८ किलो, मागे साधारण १५ किलो सामान. सुट्टीच्या दिवशी नाशिकहून त्र्यंबक, हर्षेवाडी, पेठ, सुरगाणा या बाजूचे कच्चे रस्ते. खडीवर मागचं चाक लाथ मारतं, मोठ्या चरीत शॉकअप ठक्कन तळाला बसतो. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी कडी, शेवटच्या खाचेपर्यंत कसून झालाय, तरी फरक नाही. त्यात आता कॅरिअर सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्याला, जिथे बसतो तिथे बारीक चीर दिसायला लागली आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नेऊन जाड पट्ट्या मारून घ्याव्यात, की सरळ महागडा शॉकअप बसवावा?

माझं उत्तर: आत्ता लगेच दोन्ही नको. चीर दुरुस्त करावी लागेलच, पण ती का पडली हे न बघता पट्टी मारली तर पुढच्या पावसाळ्यात पट्टीच्या शेजारी दुसरी चीर पडेल. शॉकअप तळाला आपटला की स्प्रिंग आणि तेल यांचं काम तिथेच संपतं. उरलेला सगळा दणका चेसी आणि सबफ्रेमवर जातो, आणि सबफ्रेमच्या टोकाला तुमचं १५ किलो सामान लोंबकळतंय. त्यामुळे सुरुवात शॉकअपपासून करायची, आणि शॉकअपची सुरुवात मेजरिंग टेपपासून.

मागच्या चाकाच्या ॲक्सलपासून बरोबर वर, सीटखालच्या पॅनलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर पेनाने एक रेघ मारा. आता तीन मापं घ्यायची. पहिलं, गाडी उचलून मागचं चाक पूर्ण लटकत असताना. दुसरं, गाडी जमिनीवर सरळ उभी, कुणीही बसलेलं नाही. तिसरं, तुम्ही हेल्मेट, बूट, जॅकेट सगळं घालून बसलेले, आणि सामान नेहमीच नेत असाल तर सामानासकट. दोन माणसं मदतीला घ्या, एक गाडी तोलायला, एक माप घ्यायला. शॉकअपच्या आत घर्षण असतं, म्हणून दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्यायचं: एकदा सीट खाली दाबून हळू सोडून, एकदा मागून थोडी उचलून हळू सोडून. दोन आकड्यांचा मध्य धरायचा. घाईघाईत एकदाच घेतलेल्या मापात ५-७ मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात, आणि इथे तेवढ्यावरच सगळा निर्णय असतो.

पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की गाडीची स्वतःची बैठक मिळते, तिला फ्री सॅग म्हणतात. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाला एकूण हालचाल १७० मिमी आहे. कच्च्या रस्त्यासाठी रायडर सॅग त्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५० ते ५५ मिमी, आणि फ्री सॅग १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १५ ते २० मिमी हवा. हिमालयन ४११ वाल्यांनी १८० मिमी धरावेत, हिमालयन ४५० वाल्यांनी २००, एक्सपल्स २०० ४व्ही प्रो असेल तर २२०. टक्के तेच.

आता समजा तुमची मापं अशी आली: चाक लटकताना ६००, गाडी नुसती उभी असताना ५९३, तुम्ही बसल्यावर ५४८. रायडर सॅग ५२. बघायला अगदी बरोबर. म्हणून बरेच जण इथेच टेप गुंडाळतात. पण फ्री सॅग बघा, फक्त ७. पूर्ण प्रीलोड कसलेल्या गाडीवर वजनदार माणूस बसला की बहुतेक वेळा असंच चित्र दिसतं, आणि तुमच्या दोन्ही तक्रारी त्यातून उलगडतात.

प्रीलोड कसल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग आणखी एक मिलिमीटर दाबायला आधी जितकं वजन लागायचं तितकंच नंतरही लागतं. प्रीलोड फक्त गाडी कुठल्या उंचीवर बसेल ते ठरवतो. तळाला आपटणं त्याने थोडं कमी होतं, हे खरं, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. फ्री सॅग ७ मिमी म्हणजे मागचा भाग हलका झाला की चाकाला खाली जायला जवळजवळ जागाच उरत नाही. खडीच्या रस्त्यावर चाक दगडावरून उतरताना खालच्या खोलगट भागात पोचतच नाही, हवेत राहतं, आणि पुढच्या दगडावर येऊन आदळतं. तीच तुम्हाला लागणारी लाथ. म्हणजे स्प्रिंग वरच्या टोकाला आखडलेली आणि खालच्या टोकाला अपुरी. यावर उपाय एकच: कडक स्प्रिंग, आणि तिच्यावर कमी प्रीलोड.

किती कडक, हे त्याच मापांतून निघतं. रायडर सॅग आणि फ्री सॅग यांच्यातला फरक, इथे ५२ वजा ७ म्हणजे ४५, हा प्रीलोडने जवळपास बदलत नाही. तो तुमच्या वजनाने स्प्रिंग किती दबली त्याचा आकडा आहे. आपल्याला हवी असलेली स्थिती म्हणजे रायडर सॅग ५३, फ्री सॅग १७, फरक ३६. ४५ भागिले ३६ म्हणजे १.२५. साधारण २५ टक्के कडक स्प्रिंग हवी. एकच पथ्य, फ्री सॅग शून्य आला असेल तर हा हिशोब चालत नाही. अशा वेळी प्रीलोड दोन-तीन खाचा सोडून चाकाला थोडी हालचाल मिळू द्या आणि मापं परत घ्या. उलट, रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग ३० च्या पुढे असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी जास्त कडक आहे. साठ किलोच्या मुलाने मित्राचं बघून कडक स्प्रिंग टाकली की असं होतं, आणि मग तो गाडीला दोष देतो.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच वाया जातात. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ मिमीच्या तारेऐवजी १२.५ मिमी घेतली आणि वेढे, व्यास तेच ठेवले, तरी स्प्रिंग जवळपास १८ टक्के कडक होते. २५ टक्क्यांसाठी १२.७ मिमी पुरते. डोळ्यांना हा फरक दिसतसुद्धा नाही. त्यामुळे दुकानात दोन स्प्रिंगा हातात घेऊन ‘ही जाड वाटते’ म्हणून निवडू नका. व्हर्निअर लावा: तारेची जाडी, वेढ्यांचा बाहेरचा व्यास, मोकळी लांबी आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. एवढे आकडे असले की स्प्रिंग बनवणारा तुम्हाला नेमका कडकपणा काढून देतो.

एक वेढा कापून स्प्रिंग कडक करायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. आठ काम करणाऱ्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग १४ टक्के कडक होते, हे गणिताने खरं आहे. पण तेवढीच हालचाल आता सात वेढ्यांना सोसायची असते, म्हणजे प्रत्येक वेढ्यावरचा ताणही तितकाच वाढतो. त्यात गॅसच्या ज्योतीने कापली तर कापलेल्या जागेच्या शेजारच्या तारेचं पाणी उतरतं, टोक सपाट राहत नाही आणि स्प्रिंग कपात वाकडी बसते. वाकडी स्प्रिंग शॉकअपच्या दांड्याला एका बाजूला ढकलते. मग दांड्यावर उभ्या रेघा पडतात, ऑइल सील जातं. स्प्रिंग कापू नका.

आपल्या सातपूर-अंबडच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्यांची कमी नाही, पण एक-दोन नगांसाठी सगळेच उत्साही नसतात. चार जणांनी मिळून एकाच मापाची ऑर्डर द्या. विचारायचे प्रश्न तीन: तार क्रोम-सिलिकॉनची आहे का, गुंडाळल्यावर भट्टीत ताण काढतात का, आणि शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्र्यांचा मारा) करून स्प्रिंग पूर्ण दाबून सेट करून देतात का. तिन्हीला ‘हो’ नसेल तर स्प्रिंग काही महिन्यांत खचेल आणि तुमची मापं परत बिघडतील. स्प्रिंग हातात आली की वेढ्यांमधल्या फटींची बेरीज करा. ती शॉकअपचा पूर्ण स्ट्रोक (दांड्याची आत जायची पूर्ण हालचाल) आणि वर तुम्ही देणार असलेला प्रीलोड यांच्या बेरजेपेक्षा जास्त हवी. नाहीतर शॉकअप तळाला जायच्या आधी वेढे एकमेकांवर आदळतील.

स्प्रिंग बदलायच्या आधी बंप स्टॉप बघायला विसरू नका. दांड्यावर फोमसारख्या पॉलियुरेथेनची जी छोटी नळी असते, ती. चिखल आणि उन्हाने तिचे तुकडे होतात, आणि तुमचा ‘ठक्क’ हा आवाज कदाचित ती नाहीशी झाल्याचाच असेल. काम स्वस्त आहे. दांड्याला बारीक केबल टाय सैलसर बांधून ठेवा आणि एक फेरी मारा. टाय कुठपर्यंत सरकली त्यावरून किती स्ट्रोक वापरला ते डोळ्यांना दिसतं. अख्ख्या दिवसात एखाददुसऱ्या वेळी, सगळ्यात वाईट चरीत, टाय तळापर्यंत गेली तर ते ठीकच आहे, हालचाल वापरायलाच दिलेली असते. प्रत्येक ओढ्यात जात असेल तर मात्र नाही.

आता डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपमधलं तेल स्प्रिंगच्या हालचालीला जो आवर घालतं तो. तुमच्या स्टँडर्ड मॉडेलला मागे फक्त प्रीलोड बदलता येतो, डॅम्पिंगला स्क्रू नाही. स्प्रिंग २५ टक्के कडक केली की तिला परत येताना आवरायला रिबाउंड, म्हणजे वर येतानाचं डॅम्पिंग, साधारण १२ टक्के जास्त लागतं. बहुतेक शॉकअप एवढं सांभाळून घेतात. पण तुमचा शॉकअप आधीच थकला असेल तर कडक स्प्रिंगने लाथ वाढेल. तपासायला सोपं आहे: सीटवर दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. मागचा भाग एकदा वर येऊन थांबला तर ठीक. वर येऊन परत खाली-वर झाला तर तेल संपलंय किंवा गॅस गेलाय. दांड्याभोवती तेलकट चिखलाचं कडं दिसत असेल तर ही चाचणीही करायची गरज नाही.

ज्यांच्याकडे रॅली किट, प्रो किंवा बाहेरचा ॲडजस्टेबल शॉकअप आहे त्यांनी लाथ कधी बसते ते नीट ओळखावं. पहिल्याच दगडावर मागचा भाग उडत असेल तर रिबाउंड फार मोकळं आहे किंवा कॉम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग) फार बंद. पहिले दोन-तीन दगड मऊ जातात आणि मग रस्ता अचानक कडक वाटायला लागतो, तर उलट: रिबाउंड इतकं बंद आहे की शॉकअप एका दगडातून वर यायच्या आत दुसरा येतो, आणि तो दर दगडागणिक खाली खाली बसत जातो. दोन्ही तक्रारींचं वर्णन माणसं एकाच वाक्यात करतात, ‘मागून मारतं’, आणि उपाय मात्र अगदी विरुद्ध आहेत. क्लिक मोजताना स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजा, आकडा वहीत लिहा, एका वेळी एकच स्क्रू दोन क्लिक बदला आणि तोच रस्ता परत चालवा. गिरणाऱ्याच्या पुढे असा दीड-दोन किलोमीटरचा कच्चा तुकडा शोधून ठेवा, वस्तीपासून लांब, आणि प्रत्येक वेळी तोच वापरा. फेरी सुरू करताना शॉकअप गरम झालेला असू द्या. थंड तेलावर लावलेलं सेटिंग तासाभराच्या खडीनंतर टिकत नाही, तेल तापून पातळ झालेलं असतं.

सर्व्हिसला शॉकअप उघडणार असाल तर दोन सूचना. तेलाच्या डब्यावरचा ५डब्ल्यू, १०डब्ल्यू हा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो. ४० अंशांना किती सेंटीस्टोक ते विचारा, तुलना त्यावर करा. आणि आत भरायचा गॅस सिलिंडरमधला कोरडा नायट्रोजनच हवा, कॉम्प्रेसरची हवा नको. त्या हवेत बाष्प असतं, तेल लवकर खराब होतं आणि दाब उन्हासावलीत बदलतो. सीलबंद शॉकअपला घरी ड्रिल मारायच्या भानगडीत अजिबात पडू नका, आत गॅस दाबाखाली असतो. नाशिकला ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’मुळे रॅलीच्या गाड्यांवर हात बसलेले लोक आहेत, हे काम त्यांच्याकडेच द्या.

या सगळ्याच्या आधी, दहा मिनिटांचं काम: मागचं चाक उचला, टायर दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा, मग वर-खाली ओढा. स्विंगआर्म म्हणजे चिमट्याच्या बुशात, चाकाच्या बेअरिंगात किंवा शॉकअपच्या खालच्या बुशात खुळखुळ जाणवली तर आधी ती काढा, कारण ढिल्या बुशावर घेतलेलं सॅगचं माप खोटं असतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्र्यंबककडचा लाल चिखल, आणि घरी आल्यावर प्रेशर वॉशरची धार थेट चिमट्याच्या पिव्होटवर. ग्रीस टिकणार कसं? दसऱ्याला गाडी पूजेला लावायच्या आधी चिमट्याचा बोल्ट काढून, जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन, पाण्याला टिकणारं नवीन भरायचं. आपल्या भागातल्या गाड्यांना याइतका उपयोगी नियम मला दुसरा माहीत नाही.

आता चिरेकडे येऊ. रंगावर दिसणारी प्रत्येक रेघ चीर नसते, आणि खरी चीर दिसते त्यापेक्षा लांब असते. रेघेतून गंजाचं लालसर पाणी ओघळलेलं असेल तर खात्रीने चीर समजा. नेमकी कुठपर्यंत गेली आहे ते बघायला डाय पेनिट्रंट वापरा, फॅब्रिकेशनच्या कुठल्याही चांगल्या शॉपमध्ये तीन स्प्रे कॅनचा संच असतो. रंग खरवडून धातू उघडा करायचा, क्लीनरने पुसायचा, लाल रंग मारून दहा मिनिटं थांबायचं, कपड्याने पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर. पांढऱ्या पावडरीत चिरेत शिरलेला लाल रंग हळूहळू वर येतो, आणि केसाएवढी रेघ नळीच्या खालच्या बाजूने कुठपर्यंत वळली आहे ते दिसतं. बहुतेक वेळा वरून बोटभर दिसलेली चीर खालून अर्ध्या नळीपर्यंत गेलेली असते. ब्रॅकेटच्या चारही वेल्डांवर हे करा, एकाच नाही.

चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर व्ही आकारात खोदून भरायची. वेल्डिंग सीओटू किंवा आर्गन, बारीक नळीवर साधी रॉडची वेल्डिंग नको. त्यावर गसेट (आधाराची पट्टी) लावायचं तर त्याची जाडी नळीच्या भिंतीएवढी, दोन मिमीच्या नळीला दोन मिमीची पट्टी. पाच मिमीची पट्टी मारून देणारा वेल्डर मनापासूनच देतो, पण तेवढा भाग इतका ताठ होतो की सगळा ताण पट्टीच्या कडेवर गोळा होतो आणि पुढची चीर तिथेच. पट्टीची टोकं निमुळती, शक्यतो माशाच्या शेपटीसारखी कापलेली हवीत, आणि वेल्ड नळीच्या लांबीच्या दिशेने. नळीला गोल वळसा घालून वेल्ड मारू देऊ नका. त्या कड्यातच नळी तुटते.

वेल्डिंगला बसण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवा, बॅटरी काढा, ईसीयूचे (इंजिनच्या कंप्युटरचे) कनेक्टर सोडवा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा, म्हणजे करंट बेअरिंगांमधून जाणार नाही. काम झाल्यावर झिंक प्रायमर आणि रंग. चीर स्विंगआर्ममध्ये किंवा हँडलच्या गळ्याजवळच्या मुख्य चेसीत असेल तर वेल्डिंग नकोच, तो भाग बदला. चेसीची रचना कापून बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच आधी बघते.

सामानाचं वजन कमी करता येत नसेल तर जागा बदला. ॲक्सलच्या मागे, शेपटीच्या टोकावर ठेवलेले दहा किलो खड्ड्यातून उसळताना सबफ्रेमला सहज तीस-चाळीस किलोंसारखे लागतात, आणि जितके मागे तितकी तरफ मोठी. पाण्याचा कॅन, हत्यारं, ट्यूब असं जड सामान सीटच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि पुढे ओढून बांधा. मागे फक्त रेनकोट आणि कपडे. कॅरिअरचे बोल्ट दोनच ठिकाणी असतील तर पुढच्या बाजूला तिसरा आधार करून घ्या, जाड पट्टीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

खर्चाचा क्रम असा धरा: बुश आणि बंप स्टॉप, मग मापं, मग स्प्रिंग, सोबत चिरेची दुरुस्ती आणि सामानाची मांडणी. एवढं करून महिनाभर चालवा. त्यानंतरही खडीवर शॉकअप तापून ढिला पडत असेल, तर नवीन ॲडजस्टेबल शॉकअपचा विचार करा, आणि तोही तुमच्या वजनाच्या स्प्रिंगसकट मागवा. नुसता महागडा शॉकअप मधल्या वजनाच्या माणसासाठीच्या स्प्रिंगवर आला तर तुम्ही परत इथेच येऊन उभे राहाल.

नवीन स्प्रिंग बसली की चेन परत बघा, हे नेहमी राहून जातं. इंजिनचं छोटं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. गाडीची बैठक बदलली की उभ्या गाडीवर दिसणारा चेनचा ढिलेपणाही बदलतो. पट्टा लावून मागचा भाग दाबा, तिन्ही एका रेषेत आणा आणि त्या स्थितीत चेनला थोडी तरी हालचाल उरते का ते तपासा. उरत नसेल तर ढील वाढवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या चरीत गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ बसेल. हेडलाइटचा झोतही एकदा भिंतीवर पाहून घ्या. मागचा भाग वर आला की झोत खाली पडतो, आणि कसारा घाटात रात्री ते पहिलं जाणवतं.